रक्षा कुठे ठेवायची? जटायूच्या प्रसंगावरचं चिंतन



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, अरण्यकांड, सर्ग ६७ आणि ६८

गेले काही दिवस आपण अरण्यकांड वाचतोय. सीतामाईचं हरण झालंय, राम-लक्ष्मण जंगल पालथं घालतायत. वाटेत रक्ताने माखलेला जटायू दिसतो. पहिल्या क्षणी रामाला संशय येतो की हा गिधाडाच्या रूपातला राक्षस आहे आणि यानेच सीतेला खाल्लं असणार. तो धनुष्यसुद्धा उचलतो. मग जटायू रक्त ओकत ओकत सांगतो, रावण तिला घेऊन गेला, मी अडवलं, माझे पंख त्याने छाटले. रावणाचं कूळ सांगता सांगता, वाक्य पुरं व्हायच्या आतच, त्याचा प्राण जातो.

इथवरची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आज मला थांबायचंय ते याच्या पुढे. जटायू गेल्यावर रामाने काय काय केलं, ते वाल्मीकींनी क्रमाने सांगितलंय. आपण ते बहुतेक वेळा भराभर वाचून पुढे जातो, कारण आपल्याला शबरी आणि हनुमंत गाठायचे असतात. आज जरा सावकाश वाचू.

रामाने काय केलं

एक, रामाने शोक केला. तो लक्ष्मणाला म्हणतो की माझ्यासाठी या पक्ष्याने जीव दिला, याचं दुःख मला सीतेच्या हरणाच्या दुःखापेक्षाही जास्त होतंय. दशरथ महाराज जसे मला पूज्य, तसाच हाही. म्हणजे स्वतःची पत्नी हरवलेली असताना, एकेक घटका मोलाची असताना, राम एका गिधाडासाठी थांबला आणि रडला.

दोन, त्याने लक्ष्मणाला लाकडं गोळा करायला सांगितली, अग्नी सिद्ध केला, चिता रचली आणि जवळच्या नातेवाइकाला द्यावा तसा स्वतःच्या हाताने अग्नी दिला. यज्ञ करणाऱ्यांना, रणात पाठ न दाखवणाऱ्यांना, भूमिदान करणाऱ्यांना जे लोक मिळतात, तिथे तू जा असं त्याला सांगितलं.

तीन, हिरव्या गवतावर त्या पक्ष्यासाठी पिंड ठेवले आणि माणसांसाठी म्हणतात तेच मंत्र म्हटले.

चार, दोघे भाऊ गोदावरीवर गेले, स्नान केलं आणि जटायूला पाणी दिलं.

पाच, मग ते सीतेच्या शोधात पुढे निघाले.

एवढंच. त्या जागी रामाने काही बांधलं, खूण म्हणून काही ठेवलं, रक्षा बरोबर घेतली, असं या सर्गात कुठेही आलेलं नाही. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला आज आपण जटायूचं ठिकाण म्हणून हात जोडतो. ते लोकांच्या श्रद्धेने जपलं. रामाच्या वाट्याला अग्नी, अन्न, पाणी आणि पुढची वाट एवढंच आलं.

हे आज का

कारण आमच्या घरी हाच प्रश्न चार महिने कपाटावर बसला होता. अगदी शब्दशः. एका स्टीलच्या डब्यात, पांढऱ्या कापडात गुंडाळून.

आमचा खंडू चैत्रात गेला. साधा गावठी कुत्रा. बारा वर्षांपूर्वी चंपाषष्ठीच्या दिवशी सोसायटीच्या गेटपाशी सापडला, डोळे नुकते उघडलेले. आमचं कुलदैवत जेजुरीचं. आजी म्हणाली, "देवाचं कुत्रं देवाच्या दिवशी दारात आलंय, हाकलायचं नाही." मग नावही खंडू ठेवलं. शेवटी किडन्या थकल्या. दहन केलं. बावीस किलोच्या खंडूची रक्षा पाऊण किलोच्या आसपास भरली. डबा हातात घेतल्यावर पहिलं जाणवतं ते हेच की एवढा हलका कसा.

आणि मग सुरू झालं, की हे ठेवायचं कुठे.

आई म्हणे नदीत. बाबा म्हणत गावच्या शेतात. बंगळुरूला असलेला धाकटा भाऊ फोनवर सांगे, "ताई, मी आल्याशिवाय काही करू नका, आणि थोडी मला वेगळी काढून ठेव." आजीचं एकच म्हणणं होतं की घरात ठेवायची नाही, आणि देवघराजवळ तर नाहीच. माझं मत? मला डबा कपाटावरच हवा होता. रोज सकाळी ऑफिसला निघताना त्याच्याकडे बघितलं की बरं वाटायचं.

वरवर बघता हा जागेचा वाद. पण ऐकत गेलं की कळत होतं, प्रत्येकजण आपल्या दुःखाला जागा मागतोय. आणि त्यात खरी अडचणही होती. ठाण्याचा फ्लॅट भाड्याचा, दर काही वर्षांनी सामान बांधायचं. गावची जमीन ओतूरजवळ, तिच्या वाटण्या चालू. आज बाबांच्या वाट्याला आलेला तुकडा उद्या विकला गेला तर? सोसायटीच्या बागेत पुरायचं तर ड्रेनेजचं काम निघालं की पहिला खड्डा तिथेच. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं असंच असणार. आपल्या पिढीकडे सगळं आहे, पण "ही जागा कायमची आपली" असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल अशी दोन फूट माती बहुतेकांकडे नाही.

म्हणून आजचा प्रश्न असा घेऊ : जिवलग मुक्या जिवाची रक्षा कायमची कुठे ठेवावी, आणि या "कायमची"चा अर्थ काय?

भरताचं हरीण

या प्रश्नावर भागवतातली एक गोष्ट लोक लगेच समोर टाकतात. पाचव्या स्कंधातला भरत राजा. राज्य सोडून गंडकी नदीच्या काठी तप करायला आला. एक गाभण हरिणी सिंहाच्या डरकाळीला घाबरून उडी मारते, पाडस नदीत पडतं, ती मरते. भरत पाडसाला वाचवतो, वाढवतो. मग त्याचं सगळं चित्त त्या पाडसात. मरतानाही तेच डोळ्यांसमोर, आणि पुढचा जन्म हरणाचा.

प्राण्याच्या दुःखात असलेल्या माणसाला ही गोष्ट काठीसारखी मारायची नसते. "बघ, जास्त जीव लावलास की असं होतं." मंडळी, गोष्ट नीट वाचा. पाडसाला पाण्यातून काढलं, यात भरताचं काही चुकलं असं भागवत म्हणत नाही. तिथे तर त्याची करुणाच दिसते. अडचण पुढे झाली. हळूहळू त्याची पूजा सुटली, नेम सुटले, आणि एका हरणाशिवाय त्याला जगात दुसरं काही दिसेनासं झालं. आश्रमाभोवती इतर जीव असणारच. त्यांच्याकडे त्याचं लक्ष गेल्याचं कुठे येत नाही.

म्हणजे प्रेम झालं म्हणून भरत अडकला नाही, ते एकाच ठिकाणी साचलं म्हणून अडकला. ओढ्याचं पाणी वाहतं तोवर गोड असतं, डबक्यात थांबलं की त्यावर शेवाळ धरतं.

आता याच्याशेजारी नाथ महाराजांची गोष्ट ठेवा. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला निघालेली. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारं गाढव. नाथांनी कावड तिथेच रिकामी केली. देवासाठी आणलेलं पाणी गाढवाला पाजलं आणि म्हणाले, माझा रामेश्वर इथेच पावला. आणि नामदेवरायांची : कुत्र्याने भाकरी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. या दोन्ही गोष्टींत ते गाढव संतांच्या मालकीचं नव्हतं, ते कुत्रंही नव्हतं. दोघांना नावसुद्धा नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत समदृष्टीचं सांगतात, त्या यादीत विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या ओळीत कुत्राही आहे. आपण ते ज्ञान म्हणून वाचतो. ज्याच्या घरात बारा वर्षं कुत्रा राहिलाय त्याला त्याची एक पायरी आयती मिळालेली असते. एका कुत्र्यामध्ये त्याने "कोणीतरी" पाहिलेला असतो. आता पुढची पायरी एवढीच, की तो कोणीतरी रस्त्यावरच्या दुसऱ्यातही आहे.

आळ्याची समाधी

आमच्या गावची वाट कल्याणवरून माळशेज घाट चढून जाते. ओतूरच्या थोडं पुढे गेलं की आळे. जुन्नर तालुक्यातलं हे गाव वारकऱ्यांना माहीत आहे ते एका रेड्यामुळे. पैठणला माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा. परतीच्या वाटेवर तो या चारही भावंडांबरोबर होता, आळ्याला त्याने देह ठेवला आणि माउलींनी तिथे त्याला समाधी दिली, अशी आपली परंपरा सांगते. आजही लोक तिथे थांबतात, हात जोडतात, पुढे जातात.

लहानपणापासून मी तिथे कितीदा गेले असेन. यावर्षी खंडू गेल्यानंतर गेले तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा मनात आली. माउलींनी संजीवन समाधी घेतली त्याला सातशेहून अधिक वर्षं झाली (इ. स. १२९६), आणि त्यांच्या रेड्याची जागा अजून आहे. ती कशामुळे टिकली? दगड चांगला होता म्हणून? चांगल्या दगडाचे कितीतरी वाडे पडले, किल्ले पडले, राजांच्या समाध्या कुठे आहेत ते शोधावं लागतं. आळ्याची जागा टिकली कारण तिथे रोज कोणीतरी दिवा लावतं, झाडतं, नैवेद्य दाखवतं. आणि येणारा माणूस "हा आमचा रेडा" म्हणून येत नाही. जो जीव समाजाने ढोर म्हणून बाजूला ठेवला, त्याच्यातही तोच आहे, हे पाहायला येतो.

जागा टिकते ती तिथे काहीतरी दिलं जातं म्हणून. दिवा, पाणी, घास, नमस्कार. देणं थांबलं की संगमरवराचीही गवताखाली माती होते.

हे लक्षात आलं आणि मग रामाचे ते पाच टप्पे वेगळे दिसायला लागले. पक्ष्याच्या निधनानंतर रामाने त्याच्या नावाने अन्न दिलं. जो गेला त्याच्यासाठीचा घास हिरव्या गवतावर ठेवला गेला. तीच त्या ठिकाणची पहिली पूजा.

मग तीन प्रश्न

त्या दिवशी गाडीत बसून मी वहीत तीन प्रश्न लिहिले. घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवले. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला : इथे रक्षा पंचमहाभूतांकडे परत जाते का? देह पृथ्वीकडून, पाण्याकडून, अग्नीकडून उसना आणलेला. अग्नीने आपलं काम केलं. उरलेलं डब्यात बंद करून ठेवणं म्हणजे परतफेड मधेच थांबवणं. आजी म्हणत होती ते याच अंगाने. आपल्याकडे अनेक घरांत माणसांच्या अस्थीसुद्धा घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात आणि दहा दिवसांच्या आत विसर्जन करतात. त्यात विटाळाची भावना आहेच, पण मला त्यात एक शहाणपणही दिसतं : घरात आणलं की हात सुटत नाही.

दुसरा : ही जागा माझ्या हातातून गेली तरी चालेल का? फ्लॅट सुटेल, जमीन विकली जाईल, मी दुसऱ्या देशात असेन. तेव्हा "अरे, माझं तिथे राहिलं" म्हणून जीव तुटणार असेल तर ती जागा मी त्याच्यासाठी निवडत नाहीये, माझ्या धरून ठेवण्यासाठी निवडतेय.

तिसरा : तिथे जाऊन मला कोणाला काही देता येईल का? घास, पाणी, सावली.

कपाटावरचा डबा पहिल्या दोन्ही प्रश्नांत बसत नव्हता. ते मला ऐकायला सोपं गेलं नाही. पण चार महिने रोज त्याच्याकडे बघून बरं वाटत होतं, तेही खरं होतं, आणि घरात कोणी मला त्यावरून बोललं नाही. ज्यांचा डबा अजून कपाटावर आहे त्यांना मी एवढंच म्हणेन, घाई नाही. आमच्या गुरुजींनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "मुक्या जिवाचं सूतक नाही, सक्तीचा विधी नाही. भाव असेल ते करा, फक्त कधीतरी करा."

कधीतरी करा. हे महत्त्वाचं.

आम्ही काय केलं

आषाढात भाऊ सुट्टी काढून आला आणि आम्ही सगळे गावी गेलो. वाटण्यांचं बोलणं चालूच होतं. बाबांनी चुलतकाकांना विचारलं की बांधावर जांभळाजवळ थोडी जागा चालेल का. काका आधी गप्प बसले. समाधी-बिमाधी बांधणार, उद्या त्यावरून हद्दीचा वाद निघणार, असं त्यांना वाटलं असावं. बाबा म्हणाले, दगड नको, नाव नको, काही बांधायचं नाही. गोठ्यामागे जुनी दगडी डोण पडलीय, ती तिथे ठेवू, येणाऱ्या-जाणाऱ्या जनावराला पाणी. काका लगेच म्हणाले, "पाण्याला कोण नाही म्हणतो?"

जांभळाच्या मुळांपासून लांब, बांधाच्या कडेला खड्डा घेतला. रक्षा चार-पाच घमेली मातीत कालवली आणि पसरून टाकली. डोण बसवली, भरली. आम्ही हात धुवायच्या आधी काकांची गाय येऊन पाणी पिऊन गेली.

आईचं नदीचं राहिलं होतं. तिला मी सर्ग ६८ दाखवला. राम गोदावरीवर गेला तो पाणी द्यायला. मग आम्ही मांडवीवर गेलो, आईने ओंजळीत तीळ आणि पाणी घेतलं, "खंडू, पोटभर पी" एवढंच म्हणाली आणि सोडलं. नदीला आपण ओंजळभर पाणीच परत दिलं. आईचं मन भरलं.

भावाला थोडी रक्षा हवी होती. आजी म्हणाली, "वाटण्या जमिनीच्या पुरे झाल्या. खंडूच्या नकोत. तू त्याचा पट्टा घेऊन जा." तो पट्टा आता बंगळुरूला दाराच्या खुंटीवर आहे.

आणि जमीन विकली गेली तर? जाऊ दे. डोण राहिली तर नव्या मालकाची जनावरं पाणी पितील. डोणही गेली तर माती तिथेच आहे, जांभळाला बहर येईल. खंडूचं ठिकाण तेवढ्यावर अवलंबून नाही. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, जिथे तो सापडला होता, तिथे मातीचं पसरट भांडं ठेवलंय. ते रोज धुऊन भरायचं काम माझं. चार कुत्री येतात, एक मांजर येतं, दुपारी कावळे. माझ्यासाठी आता तेही खंडूचं ठिकाण आहे, आणि घर बदललं तर ते माझ्याबरोबर येईल.

काही साध्या गोष्टी

कोणाला लगेच निर्णय घ्यायचा असेल, म्हणून थोडं व्यवहाराचं.

दहनाच्या वेळीच विचारून घ्या की एकेकट्याचं दहन आहे की एकत्र. एकत्र असेल तर रक्षा मिळत नाही.

रक्षा थेट कुंडीत, विशेषतः तुळशीत, घालू नका. भाव कितीही चांगला असला तरी रक्षेत क्षार खूप असतात, ती अल्कधर्मी असते, आणि छोट्या कुंडीतलं झाड त्याने जळतं. आपण लावलेलं झाड सुकलं की मनाला पुन्हा तोच चटका. भरपूर मातीत मिसळा, पसरा, रोप थोडं लांब लावा.

दुसऱ्याच्या किंवा सोसायटीच्या जागेत करायचं तर विचारून करा. चोरून केलेल्या गोष्टीपाशी निवांत बसता येत नाही.

नदीतच करायचा संकल्प असेल तर डबा, कापड, प्लास्टिक, हार काही सोडू नका. आपल्या नद्यांची अवस्था आपण बघतोच.

लहान मुलं घरात असतील तर त्यांना बरोबर न्या. कुठे गेला, याचं उत्तर त्यांना बोट दाखवून देता येतं.

ज्यांच्याकडे रक्षाच नाही

हे खास तुमच्यासाठी. कितीतरी जणांना मुका जीव गेल्यावर काही हाती येत नाही. पालिकेची गाडी आली आणि घेऊन गेली. किंवा एकत्र दहन झालं. किंवा तो एक दिवस बाहेर गेला आणि परतलाच नाही. मग वाटत राहतं की त्याला ठिकाणच मिळालं नाही.

पुन्हा जटायूकडे या. त्या सगळ्या विधीत रक्षेचं काय झालं याचा शब्द नाही, तरी विधी पूर्ण झालाय. जटायूला त्याचे लोक मिळाले, रामाच्या शब्दाने मिळाले. तुमच्याकडे पाणी आहे, घास आहे, नाव आहे. नाव घेऊन ओंजळभर पाणी एखाद्या झाडाला घाला, त्याच्या जातीच्या एका भुकेल्या जिवाला खाऊ घाला. रामाने यापेक्षा फार वेगळं काही केलं नाही.

आणि कोणी हसलं, "कुत्र्यासाठी एवढं?" म्हणालं, तर वाद घालत बसू नका. गिधाडासाठी रामाने केलं, एवढं मनात म्हणा आणि भांडं भरा.

आजचा नेम

आज झोपण्याआधी एवढंच करू.

तुमच्या आयुष्यातून गेलेल्या एका मुक्या जिवाचं नाव मनात घ्या. गॅलरीतले फोटो नंतर बघा, आधी नाव. मग उद्या सकाळी घराबाहेर पाण्याचं एक भांडं ठेवा. सात दिवस रोज धुऊन भरा. भरताना त्या नावाबरोबर रामाचं नाव घ्या. सात दिवसांनी बघा, तुमच्या त्या जिवाला जागा मिळाल्यासारखं वाटतं का.

प्रार्थना करू :

हे रामा, ज्याच्यासाठी तू सीतेचा शोध थांबवलास त्या पक्ष्याला जी गती दिलीस, ती आमच्या दारात आलेल्या सगळ्या मुक्या जिवांना दे. त्यांनी आम्हाला न बोलता जीव लावला, आम्हालाही तसा लावता येऊ दे. जो गेला त्याच्यावरचं प्रेम आमच्या हातात साचू देऊ नकोस. जो समोर तहानेला उभा आहे त्याच्यापर्यंत ते जाऊ दे.

उद्याचं वाचन : अरण्यकांड, सर्ग ६९, कबंध. राम-लक्ष्मण पुढे निघालेत, आपणही निघू.

राम कृष्ण हरी.